काटा तळपायांत, गांठ जांघेंत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एका मुलाच्या तळपायांत, अंगठ्याच्या बुडाशीं, बाभळीचा काटा मोडला. सोबत्यांनीं सुईनें तो टोकरून काढला, वर हळद दाबली, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटलें. तिसऱ्या दिवशीं मुलगा लंगडत वर्गांत आला. तळपायाची जखम तर खपली धरूं लागली होती. परंतु जांघेंत सुपारीएवढी गांठ उठली होती आणि तिला तो बोट लावूं देईना. घरच्या भाषेंत ज्याला अवधाण म्हणतात तें हेंच. एकानें सल्ला दिला कीं तेल लावून गांठ चोळावी, म्हणजे जिरेल. दुसरा म्हणाला, वीट तापवून शेकावी. दोन्ही उपाय झाले. सायंकाळीं पायाच्या आंतल्या अंगानें घोट्यापासून वर चढत गेलेली एक तांबडी रेघ दिसूं लागली, अंगांत ताप भरला, तेव्हां मात्र आम्हीं त्याला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं चोळणाऱ्यांस आधीं चांगला दम भरला, मग तळपायांत राहून गेलेलें काट्याचें टोंक काढलें, औषध दिलें, व पाय उशीवर उंच ठेवून स्वस्थ पडून राहण्यास सांगितलें. "आणखी उशीर झाला असता तर हें रक्तांत गेलें असतें," एवढेंच ते जातां जातां म्हणाले.

मुलगा आठवडाभरांत हिंडूंफिरूं लागला. परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें आम्हांस दोन प्रश्न विचारले, त्यांनीं आमची बरीच पंचाईत केली. काटा तळपायांत मोडला, तर गांठ एवढ्या लांब जांघेंत कां उठावी? आणि तें विष जर अद्याप रक्तांत गेलें नव्हतें, तर तीन दिवस तें होतें तरी कोठें?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, व पहिल्याचें उत्तर त्याच्याच पोटांत आहे. शरीरांत रक्तवाहिन्यांखेरीज वाहिन्यांचें दुसरें एक जाळें आहे. त्यांतून वाहणाऱ्या द्रवास लसीका म्हणतात. रुधिराभिसरणाचें चित्र प्रत्येक विद्यार्थ्यास काढतां येतें. तांबडा व निळा असे दोन खडू मिळाले कीं काम भागतें. तिसरा खडू सहसा कोणी हातीं घेत नाहीं, व पुस्तकांतूनही लसीकेच्या वांट्यास फार तर अर्धें पान येतें. ह्या उपेक्षेचें कारण उघड आहे. रक्त तांबडें असतें, उडतें, ठोके देतें. लसीका बहुधा पाण्यासारखी फिकी, संथ आणि अबोल. खरचटलेल्या गुडघ्यावर रक्त थांबल्यावर जें पिंवळसर पाणी पाझरत राहतें, त्याच्याच जातीचा हा द्रव होय.

प्रथम रक्ताचें थोडक्यांत पाहूं. हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिन्या त्या रोहिणी, व हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या नीला. इंग्लंडांतील विल्यम हार्वे ह्यांनीं १६२८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून दाखवून दिलें कीं, रक्त हें भरतीओहोटीप्रमाणें मागेंपुढें हेलकावत नसून एकाच दिशेनें फिरत असतें. रोहिणींतून नीलांत तें कोणत्या वाटेनें उतरतें हें मात्र हार्वे ह्यांस पाहावयास मिळालें नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १६६१ मध्यें, इटलींतील मार्चेल्लो मालपीगी ह्यांनीं बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरें झालें. विश्रांति घेणाऱ्या प्रौढ माणसाचें हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें, व अंगांत रक्तही साधारण तितकेंच असतें.

वर्तुळ पुरें झालें खरें, पण तें निश्छिद्र नाहीं. आणि सर्व गोष्टीचें मर्म येथेंच आहे. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. ती तशी नसती तर प्राणवायु व साखर बाहेरच्या पेशींस मिळालीच नसती. परंतु भिंत इतकी पातळ, आणि आंतून रक्ताचा दाब. तेव्हां रक्तांतील पाणी सारखें बाहेर झिरपत राहतें. तांबडे कण आंत राहतात, प्रथिनांचे मोठे कणही बहुतेक आंतच अडतात, तथापि त्यांपैकींही कांहीं निसटतात. हा झिरपलेला द्रव पेशींच्या मधल्या फटींतून भरून राहतो. आपल्या प्रत्येक पेशीचें अंग रक्तानें नव्हे, तर ह्या पाण्यानें भिजलेलें असतें.

आतां थोडा हिशेब करूं. रक्तांतून कण वगळले असतां जो रक्तद्रव उरतो तो प्रौढ माणसांत सुमारें ३ लिटर. मूत्रपिंडांचा निराळा कारभार सोडून दिला, तरी शरीरभरच्या केशवाहिन्यांतून दिवसाकांठीं सुमारें ८ लिटर द्रव बाहेर पडतो असा अदमास आहे. म्हणजे नऊ तासांत सगळा रक्तद्रव भांड्याबाहेर! जर तो परत आला नाहीं, तर सकाळीं न्याहारी करून बसलेल्या माणसाच्या वाहिन्यांत संध्याकाळीं नुसत्या कणांचा चिखल उरेल, आणि अंग मात्र पखालीसारखें फुगलेलें असेल.

कालव्याखालची शेती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा प्रकार नवा नाहीं. पाटानें पाणी आणणें हें अर्धेंच काम; त्याचा निचरा करणें हें उरलेलें अर्धें. निरेच्या डाव्या कालव्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळी माळांवर खेळूं लागलें, ऊंस उभा राहिला, आणि पुढें कित्येक ठिकाणीं जमीन चिबड होऊन तिच्यावर मीठ फुललें. पाणी कमी पडलें म्हणून नव्हे, तर आलेल्या पाण्यास जाण्याची वाट नव्हती म्हणून. मग चर खणावे लागले. कृष्णाकांठच्या ऊंसवाल्यांस आजही हेंच दुखणें आहे. शरीरांत रोहिणी व केशवाहिन्या हे पाट आहेत; लसीकावाहिन्या हे चर. फरक इतकाच कीं, शेतांतील चराचें पाणी ओढ्यास मिळून निघून जातें, आणि शरीरांतील चराचें पाणी पुनः मूळ कालव्याच्या मुखाशीं आणून सोडलेलें असतें.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून असें शिकविलें जातें कीं, केशवाहिनीच्या आरंभीं जें पाणी बाहेर पडतें त्यांतील बहुतेक सर्व तिच्या शेवटाशीं पुनः आंत शोषलें जातें, व थोडेंसें उरतें तेवढें लसीकावाहिन्या गोळा करितात. ह्या मताचा पाया लंडन येथील अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनीं १८९६ सालीं घातला. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो व रक्तांतील प्रथिनें तें आंत ओढून धरितात, हा त्यांचा सिद्धांत आजही खरा मानला जातो. परंतु गेल्या कांहीं दशकांत प्रत्यक्ष मापनें झालीं तेव्हां असें आढळलें कीं, बहुतेक अवयवांत केशवाहिनीच्या शेवटाशींही हें शोषण टिकून राहत नाहीं. तेथेंही पाणी हळूहळू बाहेरच पडत असतें. आंतडें व मूत्रपिंड ह्यांची गोष्ट वेगळी. तेव्हां लसीकामार्ग ही उरलेसुरलें वेंचणारी गल्ली नसून परतीचा हमरस्ताच आहे असें म्हणावें लागतें. आम्हांस स्वतःस हें वाचून आश्चर्य वाटलें. कारण आम्हीही तेंच जुनें चित्र पाठ करून गुण मिळविले होते.

प्रथिनांविषयीं तर पूर्वींही वाद नव्हता. रक्तांतील मुख्य प्रथिन दर तासास शेकडा ५ ह्या प्रमाणांत बाहेर निसटतें, व एकदां बाहेर पडलेला हा मोठा कण पुनः केशवाहिनींत शिरूं शकत नाहीं. त्याला परतीची एकच वाट, ती लसीकावाहिनीची.

ही वाहिनी सुरू होते ती बंद टोंकापासून, हातमोज्याच्या बोटासारखी. तिच्या भिंतीच्या पेशी एकमेकींवर कौलांप्रमाणें किंचित् चढलेल्या असतात व बारीक तंतूंनीं आजूबाजूस बांधलेल्या असतात. भोंवतीं पाणी वाढलें कीं तंतु ताणले जातात, कौलांच्या कडा आंत वळतात, पाणी शिरतें. आंतून दाब आला कीं त्याच कडा मिटतात. आंत येण्यास मुभा, बाहेर जाण्यास बंदी. केस, नखें, कूर्चा, डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटल अशीं थोडीं स्थळें वगळलीं, तर अशीं टोंकें अंगांत जवळजवळ सर्वत्र पसरलेलीं आहेत.

हें जाळें माणसाच्या नजरेस कसें पडलें त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. १६२२ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस इटलींतील गास्पारे आसेल्ली हे एका कुत्र्याचें विच्छेदन मित्रांस करून दाखवीत होते. त्यांस दाखवावयाचे होते कांहीं मज्जातंतु व श्वासपटलाची हालचाल. परंतु पोट उघडतांच आंतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें दिसलें. हेही मज्जातंतूच असावेत असें समजून त्यांनीं एक दोरा छेदला, तों त्यांतून दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढें उपाशी कुत्र्यांत हे दोरे पाहूं गेल्यास दिसेनात. पोटभर खाल्लेल्यांत दिसत. आसेल्लींचें अनुमान बिनचूक होतें: हा अन्नाचा रस. ह्या वाहिन्यांस मराठींत पयस्विनी असें सुंदर नांव आहे. मात्र हा रस यकृतांत जातो असें त्यांनीं धरून चालले, कारण यकृतांत रक्त बनतें हें मत तेव्हां दीड हजार वर्षांचें जुनें होतें. त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर १६२७ मध्यें छापला गेला. नवल हें कीं, रक्ताच्या फिरण्याविषयीं जगाशीं भांडणाऱ्या हार्वे ह्यांस हा शोध कधींच पटला नाहीं. थोर माणसेंही आपल्या वर्तुळाबाहेर पाहण्यास केव्हां केव्हां नाखुष असतात!

रस यकृतांत जात नाहीं, हें फ्रान्समधील झां पेके ह्यांनीं १६५१ सालीं प्रसिद्ध केलें. कुत्र्याचें हृदय काढल्यावर मोठ्या नीलेंतून त्यांस पांढरा द्रव येतांना दिसला. प्रथम त्यांस तो पू वाटला. पोट दाबलें तों तो अधिकच येऊं लागला. मग माग काढीत गेल्यावर पाठीच्या कण्यापुढें एक पिशवी व तिच्यांतून छातींतून वर जाणारी नलिका सांपडली. एक दोन वर्षांच्या आंत स्वीडनमधील ओलोफ रुडबेक व डेन्मार्कमधील टॉमस बार्टोलिन ह्यांनीं दाखविलें कीं, अशा वाहिन्या आंतड्यांपुरत्याच नसून सर्व शरीरभर आहेत, व इतरत्र त्यांत दूध नसून स्वच्छ पाणी असतें. आधीं कोणी पाहिलें ह्यावरून दोघांत चांगलीच जुंपली. स्वच्छ पाण्याचा वाचक लॅटिन शब्द घेऊन बार्टोलिन ह्यांनीं त्यांस नांव दिलें, आणि रक्त घडविण्याच्या अधिकारावरून पदच्युत झालेल्या यकृताचा मृत्युलेखही विनोदानें लिहून ठेविला.

आमच्या आयुर्वेदांत सात धातूंपैकीं पहिला रस व दुसरें रक्त, आणि रसापासून रक्त होतें असें सांगितलें आहे. तो रस म्हणजेच ही लसीका असें कित्येक हौशी लेखक ठासून सांगतात. आम्हांस तसें म्हणण्याचें धैर्य होत नाहीं. पूर्वजांची थोरवी असल्या ओढाताणीवर अवलंबून नाहीं.

आतां ही नलिका पाहूं, कारण लसीका व रक्त ह्यांचा संगम तिच्या मुखाशीं होतो. दोन्ही पाय, पोट, डावा हात, छातीची डावी बाजू व डोक्याची डावी बाजू ह्या सर्वांची लसीका ह्या एकाच वक्षनलिकेंत येते. लांबी सुमारें ४० सेंटिमीटर. रुंदी बोरूच्या काडीहूनही कमी. ती मानेच्या मुळाशीं, डाव्या हंसळीच्या हाडामागें, जेथें मानेची व हाताची मोठी नीला एकत्र येतात तेथें रक्तांत उघडते. उजवा हात व छाती, मान आणि डोकें ह्यांची उजवी बाजू ह्यांची लसीका उजवीकडे तशाच जागीं उतरते. देहाची ही वांटणी अशी असमान कां, ह्याचा उलगडा गर्भाच्या वाढींत आहे. त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. संगमाची जागा मात्र मोठ्या धोरणाची म्हटली पाहिजे. हृदयाच्या इतक्या जवळ नीलांतील दाब अत्यंत कमी असतो. संथ लसीकेस आंत शिरण्यास तेथें विरोध होत नाहीं. मुखाशीं झडप असतेच.

पण तिला वर चढवितो कोण? पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत उभ्या माणसांत दीड मीटरची चढण, आणि लसीकेस हृदय नाहीं. बेडकाला असतात, योहानेस म्यूलर ह्यांनीं १८३२ च्या सुमारास बेडकाच्या अंगांत लसीका ढकलणारीं स्वतंत्र हृदयें धडधडतांना पाहिलीं. मनुष्यास तीं लाभलीं नाहींत. आपल्या मोठ्या लसीकावाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात, व दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा मिनिटांतून कांहीं वेळां आपोआप आवळतो, आणि विहिरीवर उभी राहिलेलीं माणसें बादली हातोहात पुढें देतात तसा आपला घोट पुढच्या तुकड्यास देतो. शिवाय चालतांना पोटरीचे स्नायु वाहिन्यांस पिळतात, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातींतील दाब कमी होऊन लसीका वर ओढली जाते. एस. टी. मध्यें रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या माणसाच्या वाहाणा सकाळीं घट्ट होतात ह्याचें कारण आतां सांगावयास नको.

ह्यांतून खेड्यापाड्यांतील वाचकांच्या जिवाशीं संबंध असलेली एक गोष्ट निघते. सापाच्या, विशेषतः घोणस व फुरसें ह्यांच्या विषांतील पुष्कळ द्रव्यांचे कण मोठे असतात. दंशस्थानापासून त्यांचा बराचसा प्रवास लसीकावाहिन्यांतून होतो. दंश झालेला मनुष्य घाबरून धांवत सुटला, कीं स्वतःच्याच पोटरीनें तो विष वर उपसतो. म्हणून त्याला चालूं देऊं नये, मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी बांधून तो अवयव निश्चल करावा, व उचलून लवकर इस्पितळांत न्यावें, जेथें विषावरची लस मिळेल. दोरीनें करकचून बांधणें व ब्लेडनें चिरणें हे दोन्ही प्रकार घातक होत. पहिल्यानें पाय सडतो, दुसऱ्यानें रक्तस्राव थांबत नाहीं.

इतक्या तयारीनें आतां त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येतों. लसीकावाहिन्या थेट रक्तास जाऊन मिळत नाहींत. वाटेंत घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रंथी असतात, सर्व शरीरांत मिळून सुमारें ६००. पैकीं जांघेंत, काखेंत, मानेंत व पोटांत त्यांचे घोस आहेत. प्रत्येक थेंबास रक्तांत जाण्यापूर्वीं निदान एका नाक्यावर झडती द्यावी लागते. तळपायांत अंगठ्याच्या बाजूस शिरलेल्या जंतूंस पहिला नाका लागतो तो जांघेंतला. काटा जर टाचेच्या मागच्या अंगास मोडला असता, तर बहुधा गुडघ्याच्या मागें खळगींत गांठ आली असती. तेथील वाहिन्या त्या नाक्यास जातात. तेव्हां गुडघा सुटला असें नव्हे, रस्ताच निराळा. आणि ती तांबडी रेघ म्हणजे जंतूंच्या मार्गावर सुजलेली प्रत्यक्ष लसीकावाहिनीच होती. आयुष्यांत एकदांच आम्हीं ती उघड्या डोळ्यांनीं पाहिली, आणि पाहिली तेव्हां ओळखली नाहीं.

ग्रंथीच्या आंत पांढऱ्या पेशींची दाटी असते. कांहीं पेशी जंतूंस गिळतात. कांहीं त्यांची खूण पटवून घेऊन त्यांस मारणारीं द्रव्यें बनवितात, व त्या कामीं आपली संख्या भराभर वाढवितात. गांठ सुजते ती ह्या भरतीमुळें. दुखते म्हणून तिला शत्रु समजून चोळणें म्हणजे लढाई चालू असतां किल्ल्याची तटबंदी आपणच हलविणें होय. ग्रंथी हा माल किती निष्ठेनें अडवून धरितात ह्याचा एक पुरावा आमच्या आजीच्या पिढीनें हातावर बाळगला आहे. गोंदणाचा रंग सगळाच कातडींत राहत नाहीं. थोडासा लसीकेबरोबर निघतो, आणि हातावर गोंदलेल्या माणसाच्या काखेंतील ग्रंथी उघडून पाहिल्यास त्यांत तो वर्षानुवर्षें सांचलेला आढळतो.

नाका पडला तर काय होतें हें महाराष्ट्रानें एकदां भयंकर रीतीनें पाहिलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनीं जो रोग ओळखला, तो प्लेग. त्याच्या जंतूंचा शोध दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें अलेक्सांद्र येर्सें ह्यांनीं गांठींतल्याच द्रवांत लावला होता. पिसू बहुधा पायास चावे, जंतु लसीकेंतून जांघेंत जात. परंतु हे जंतु गिळणाऱ्या पेशींसही दाद देत नसत, व ग्रंथींतच वाढून पुढें रक्तांत उतरत. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंच्या काखा व जांघा तपासल्या जात त्या एवढ्याचसाठीं. त्या तपासणीनें लोकांचा किती अपमान झाला तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चच्या १० तारखेस त्याच रोगानें वारल्या.

कर्करोगाच्या पेशीही ह्याच रस्त्यानें निघतात. स्तनाच्या कर्करोगांत पहिला नाका बहुधा काखेंत असतो. पूर्वीं काखेंतील सर्व ग्रंथी काढून टाकीत. मग रोग गेला तरी हात जन्मभर सुजलेला राही, कारण चरच बुजले. आतां शस्त्रवैद्य गांठीजवळ रंग टोंचून तो प्रथम कोणत्या ग्रंथींत जातो तें पाहतात, तेवढीच काढून तपासतात, आणि ती निर्मळ निघाल्यास बाकीच्या राखतात. लसीकेचा मार्ग ठाऊक असल्यानें किती स्त्रियांचे हात वांचले असतील!

रक्ताकडून लसीकेकडे नुसतें पाणीच जातें असें नाहीं. ग्रंथींतून जातांना लसीकेंतील जवळजवळ निम्में पाणी तेथील केशवाहिन्या परत घेतात, आणि सुमारें ४ लिटर पुढें वक्षनलिकेकडे जाते. उलट रक्तांतून पांढऱ्या पेशी ग्रंथींत उतरतात, कांहीं तास रेंगाळतात, व लसीकेबरोबर पुनः रक्तांत येतात. ऑक्सफर्ड येथें जेम्स गोवन्स ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत उंदरांची वक्षनलिका बाहेर काढून तींतील द्रव वाहूं दिला, तेव्हां कांहीं दिवसांतच रक्तांतील ह्या पेशी ओसरल्या. त्याच पेशी परत नीलेंत सोडल्या तेव्हां प्रवाह पुनः भरला. एकच पेशी दोन्ही नद्यांतून फेऱ्या घालीत असते. जेवणांतील तेलातुपाचाही बराच भाग यकृतास टाळून पयस्विनींतूनच रक्तास मिळतो. म्हणून आसेल्लींस दोरे पांढरे दिसले.

मेंदूस मात्र लसीकावाहिन्या नाहींत असें परवांपरवांपर्यंत सर्व पुस्तकांत छापलेलें होतें. १७८७ मध्यें इटलींतील पाओलो मास्काञ्ञी ह्यांनीं पारा भरून काढलेल्या आपल्या भव्य चित्रसंग्रहांत मेंदूवरील आवरणांत त्या असल्याचें नोंदलें होतें, पण त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. २०१५ सालीं अमेरिका व फिनलंड येथील दोन गटांनीं उंदरांच्या मेंदूवरील आवरणांत त्या निर्विवाद दाखविल्या, व पुढें त्या मनुष्यांतही आढळल्या.

शेवटीं हत्तीपायाविषयीं चार शब्द, कारण हा रोग म्हणजे चर बुजल्यावर जमीन कशी चिबड होते त्याचें जिवंत उदाहरण आहे, आणि आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर ह्या बाजूस त्यानें कित्येक पिढ्या छळल्या आहेत. गटारांच्या घाण पाण्यांत वाढणारा डांस चावतो, त्याच्या सोंडेंतून अळ्या कातडीवर उतरून आंत शिरतात, आणि जांघेजवळच्या लसीकावाहिन्यांत त्यांचे सुतासारखे किडे होतात. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते व कित्येक वर्षें जगते. वाहिनी फुगते, झडपा मिटेनाशा होतात, लसीका साचते, आणि साचलेल्या लसीकेंत जंतूंचे वारंवार हल्ले होऊन कातडी जाड व खडबडीत बनत जाते. मोठे किडे राहतात लसीकेंत. परंतु टिमोथी लुइस ह्यांनीं १८७२ सालीं कलकत्त्यास त्यांचीं पिल्लें पाहिलीं तीं माणसाच्या रक्तांत. आईबाप एका नदींत व पिल्लें दुसरींत! वक्षनलिका ठाऊक नसती तर हें कोडेंच राहिलें असतें. पुढें पॅट्रिक मॅन्सन ह्यांनीं १८७७ मध्यें चीनमधील अमॉय येथें डांस हीं पिल्लें रक्ताबरोबर शोषून घेतो हें दाखविलें. हीं पिल्लें दिवसा फुप्फुसांतील वाहिन्यांत दडतात व डांस चावण्याच्या वेळीं, मध्यरात्रीच्या सुमारास, कातडीजवळच्या रक्तांत येतात. यास्तव आरोग्यखात्याचे लोक रक्ताचा थेंब घेण्यास रात्रीं दहानंतर दार ठोठावतात. त्यांस चोर समजून हांकलूं नये. वर्षांतून एकदां वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांनीं मुख्यतः हीं पिल्लें मरतात, म्हणजे डांसास पुढें नेण्यास कांहीं उरत नाहीं. २०१९ पासून नागपूर जिल्ह्यांत तीन औषधें एकत्र देण्याचाही प्रयोग सुरू झाला. ज्यांचा पाय एकदां मोठा झाला त्यांचा तो गोळ्यांनीं लहान होत नाहीं. पण रोज साबणानें पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, बारीकशी चीर पडली तरी तिला जपलें, तर तापाचे झटके कमी होतात व सूज वाढावयाची थांबते. आमच्या मुलाचा पाय अर्थात् ह्या रोगाचा नव्हता. त्याच्या जांघेंतील गांठ दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हाताला वाटाण्याएवढी लागत होती. नंतर तीही लागेनाशी झाली.